पनवेलच्या बयने सावलीचा डाव उलटवला, नातवाने तोच डाव आयुष्यभर खेळला

ठाकरे हे आडनाव ऐकलं की आज डोळ्यासमोर शिवाजी पार्कची सभा येते, व्यंगचित्रं येतात, टोपण्या आणि टोमणे येतात. समोरच्याला हसता हसता घायाळ करायचं ही या घराची खासियत असं आपण धरूनच चालतो.

पण ही सवय घरात आली कुठून?

त्यासाठी दादरच्याही मागे जावं लागतं. थेट खाडीकाठच्या पनवेलमध्ये.

१७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेलमध्ये केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना प्रबोधनकार म्हणून ओळखलं. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं बाजारपेठेचं आणि बंदराचं गाव. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं, म्हणजे सीकेपी. पैशाची ओढाताण कायमची, पण घरात एक जबरदस्त बाई होती. केशवची आजी. तिला सगळे बय म्हणायचे.

ही बय सुईण होती. अडलेल्या बाईचं बाळंतपण करायला ती कुणाच्याही घरी जायची, जात बघायची नाही आणि पैसेही घ्यायची नाही. म्हणजे पनवेलमधल्या कुठल्या जातीचं मूल कुठून आणि कसं जन्माला येतं, हे या बाईने अगदी जवळून बघितलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तर एके दिवशी केशव शाळेतून घरी येत होता. वाटेत एका महाराची सावली त्याच्या अंगावर पडली. शेजारच्या ब्राह्मण कुटुंबातल्या कुणीतरी ते पाहिलं आणि बोभाटा केला. पोर बाटलं, आता अंघोळ घातल्याशिवाय घरात घेऊ नका.

त्या काळी कुणी काय केलं असतं? एक तर मुकाट्याने पोराच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं असतं, नाहीतर भांडण काढलं असतं. बयने दोन्ही केलं नाही. तिने नातवाचा हात धरला आणि त्याला शेजारच्या ब्राह्मणाच्या सावलीत नेऊन उभं केलं. मग तिने साधा हिशोब मांडला. महाराच्या सावलीने ठाकऱ्यांचं पोर महार होत असेल, तर ब्राह्मणाच्या सावलीने ते ब्राह्मण झालं पाहिजे. झालं, आता हा ब्राह्मण झाला. विषय संपला.

प्रबोधनकारांनी हा प्रसंग आपल्या आठवणींमध्ये सांगितला आहे. तो वाचून आज आपल्याला हसू येतं, आणि बयला तेच हवं होतं. तिने समोरच्याचा नियम नाकारला नाही. तो खरा मानला आणि त्याला दोन पावलं पुढे चालवलं. तिसऱ्या पावलाला नियम आपोआप तोंडावर आपटला.

प्रबोधनकारांची पुढची ऐंशी वर्षं याच युक्तीवर उभी आहेत असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

सावलीत एवढं काय होतं?

आता प्रश्न पडेल की सावलीवरून एवढा गोंधळ का? कारण सावलीच्या मागे एक मोठी गोष्ट उभी होती. माणूस कसा निर्माण झाला याची गोष्ट.

जगातल्या बहुतेक समाजांकडे अशी गोष्ट आहे. ख्रिस्ती परंपरेत देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, मातीपासून पहिला पुरुष केला आणि त्याच्या बरगडीपासून स्त्री. आपल्याकडे अनेक कथा आहेत, पण समाजाची घडी बसवायला वापरली गेली ती आदिपुरुषाच्या किंवा ब्रह्मदेवाच्या देहाची. मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र.

गोष्ट म्हणून ती कुणी ऐकावी, रूपक म्हणून तिचा अर्थ लावावा, त्याला कुणाची हरकत नव्हती. भांडण सुरू झालं ते या गोष्टीवरून लोकांचे हक्क ठरू लागले तेव्हा. शाळेत कुणी बसायचं, विहिरीवर कुणी जायचं, मंत्र कुणी ऐकायचे, सगळं यावरून. माणसं मुळातच वेगवेगळी घडवली गेली आहेत, त्यामुळे ती कायम वेगळीच राहणार, असा तो दावा होता.

आणि यातून राजाही सुटला नाही. १८९९ मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना पुरोहित वेदातले मंत्र न म्हणता पुराणातले मंत्र म्हणतोय हे लक्षात आलं. कारण काय, तर त्याच्या मते महाराज शूद्र. ज्याच्या राज्यात राहायचं त्यालाच खालचं ठरवायची सोय या गोष्टीत होती. वेदोक्त प्रकरण म्हणतात ते हेच.

तिकडे डार्विन, इकडे फुले

याच काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन नावाच्या माणसाने या सगळ्या निर्मितीकथांना अडचणीत आणलं होतं. १८५९ मध्ये त्याचं सजीवांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक आलं आणि १८७१ मध्ये माणसाच्या वंशावरचं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कुठलाही प्राणी आज दिसतो तसाच्या तसा घडवलेला नाही. एका आईची पिल्लंही एकमेकांसारखी तंतोतंत नसतात. ज्या फरकामुळे एखादं पिल्लू त्या परिसरात जास्त तगतं, तो फरक पुढच्या पिढीत जास्त जातो. असं हजारो, लाखो पिढ्या चाललं की एका मूळ जिवापासून वेगवेगळ्या जाती तयार होतात. माणूसही याच झाडाची एक फांदी.

यात माकड आपला आजोबा आहे असं कुठेच नाही. माकडं आपली चुलत भावंडं आहेत, आजोबा दोघांचा एकच होता आणि तो केव्हाच गेला.

पण गंमत बघा, सुरुवातीला हसत होते ते डार्विनचे विरोधक. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत एका बिशपने डार्विनच्या बाजूने बोलणाऱ्या थॉमस हक्सलीला त्याचं माकडाशी असलेलं नातं आजोबांकडून की आजीकडून, अशा अर्थाचा टोमणा मारल्याचं सांगितलं जातं. १८७१ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकाने माकडाच्या धडावर डार्विनचं दाढीवालं डोकं लावून व्यंगचित्र छापलं. म्हणजे विनोद हे हत्यार आधी दुसऱ्या बाजूच्या हातात होतं.

ते हिसकावून घेणाऱ्यांपैकी एक माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले.

१८७३ मध्ये फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरं देतात अशी त्याची मांडणी. त्यात फुल्यांनी ब्रह्मदेवाच्या कथेचं जे केलं ते अगदी बयच्या पद्धतीचं. त्यांनी ती गोष्ट खोटी म्हणून फेकून दिली नाही. खरी धरली आणि घरगुती प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुखातून मूल जन्मलं, तर गर्भ वाढला कुठे? चार अवयवांनी चार वेळा बाळंत व्हायचं, तर चारही अवयवांचा विटाळ धरायचा का? मग महिन्यातले किती दिवस ब्रह्मदेव बाजूला बसणार आणि तेवढ्या दिवसांत घरचं काम कोण करणार?

मत्स्यावताराचंही तसंच. मासा आणि माणूस यांचं खाणं, झोपणं, पिलं होणं यात केवढा फरक आहे, माशाच्या पोटून माणूस आला तर त्याचं अंडं कुणी उबवलं, ते पाण्याबाहेर कुणी काढलं, असे प्रश्न त्यांनी विचारले. फुले जीवशास्त्र शिकवत नव्हते. अवतारांचा त्यांनी लावलेला इतिहास आजचे सगळे इतिहासकार मान्य करतात असंही नाही. पण जन्म म्हणजे काय, शरीर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला माहीत असलेलं साधं ज्ञान पुढे आणून त्यांनी मोठमोठ्या दाव्यांची तपासणी केली.

पनवेलच्या सुईणीला हे पुस्तक वाचायची गरज नव्हती. बाळ कुठून येतं ते तिला माहीत होतं.

दीड दमडीच्या नोकऱ्या आणि एक अमेरिकन वकील

केशवचं शिक्षण कधी एका गावात झालं नाही. पनवेल, कल्याण, बारामती, मुंबई, मध्य प्रदेशातलं देवास अशी त्याची शाळा फिरत राहिली. वकील व्हायचं स्वप्न होतं, पण मॅट्रिकच्या फीचे पैसे पुरे पडले नाहीत आणि ते राहूनच गेलं. १९०२ च्या सुमारास प्लेगच्या दिवसांत वडील गेले आणि घराचा भार अंगावर आला.

मग सुरू झाला पोटाचा उद्योग. पाट्या रंगवणं, फोटोग्राफी, टायपिंग, विम्याची एजंटगिरी, ग्रामोफोन विकणं, नाटक कंपनीत काम. शेवटी मुंबईत सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी मिळाली. या फिरतीत एक फायदा झाला. माणूस कसा बोलतो, कशाला फसतो, कशाला हसतो, हे या तरुणाला पुस्तकाबाहेर शिकायला मिळालं.

आणि पुस्तकं तर तो अधाशासारखी वाचत होता. आपल्या विचारांवर कुणाचा ठसा आहे हे सांगताना प्रबोधनकारांच्या बाबतीत तीन नावं कायम येतात. लोकहितवादी, जोतीराव फुले आणि रॉबर्ट इंगरसॉल.

पहिली दोन आपल्या ओळखीची. तिसरा कोण?

इंगरसॉल हा अमेरिकन वकील. जन्म १८३३, वडील पाद्री. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो कर्नल होता, पुढे इलिनॉय राज्याचा ॲटर्नी जनरल झाला. पण तो गाजला भाषणांमुळे. धर्मग्रंथातल्या गोष्टींवर तो व्याख्यानं द्यायचा आणि लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. तेही डार्विनवरून चर्चमध्ये वातावरण तापलेलं असताना.

१८७९ मध्ये त्याचं मोझेसच्या चुकांवरचं पुस्तक आलं. बायबलमधली निर्मितीकथा आणि महापुराची गोष्ट तो शब्दशः खरी धरतो आणि वकिलासारखी उलटतपासणी घेतो. सूर्य चौथ्या दिवशी केला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशाने? जगातले सगळे प्राणी एका नावेत मावले, तर त्यांचा चारा कुठे ठेवला? एवढ्या मोठ्या नावेला एकच खिडकी, तर हवा कुठून आली? शेण काढायला माणसं किती होती?

श्रोते पोट धरून हसायचे. घरी जाताना मात्र त्यांच्या डोक्यात प्रश्न राहायचा.

लक्षात घ्या, केशव ठाकऱ्यांना नोहाच्या नावेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी उचलली ती पद्धत. कुठल्याही मोठ्या दाव्याला हिशोब विचारायचा आणि तो हसत विचारायचा. पनवेलच्या अंगणात आजीने केलं तेच सातासमुद्रापलीकडे एक वकील करत होता, आणि पुण्यात फुल्यांनी ते आधीच केलं होतं.

राजवाड्यांशी पंगा

हे हत्यार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाहेर आलं ते कुळाच्या भांडणात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे तेव्हाचं फार मोठं नाव. गावोगाव हिंडून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा केली होती. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेही त्यांच्याच पुढाकाराने. अशा माणसाने कायस्थ प्रभूंच्या उत्पत्तीबद्दल आणि इतिहासातल्या जागेबद्दल हिणकस वाटेल असं लिहिलं. पुन्हा तोच प्रश्न. कोण कुठून आला, आणि त्यावरून कोण कमी.

एका कारकुनाने यावर उत्तर लिहिलं. १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक आलं. कोदंड म्हणजे रामाचं धनुष्य, टणत्कार म्हणजे त्याची दोरी ओढल्यावर होणारा आवाज. नावातच खोडी होती. आत कागदपत्रं होती, तारखा होत्या आणि राजवाड्यांच्या तर्काला त्यांच्याच नियमाने दिलेली टोलेबाजी होती. पाठोपाठ ग्रामण्याचा इतिहास आला, म्हणजे जातीच्या मानपानावरून झालेल्या बहिष्कारांचा इतिहास. १९२१ मध्ये ‘भिक्षुकशाहीचे बंड’ आलं.

भिक्षुकशाही हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. त्यांचं म्हणणं असं की आपलं भांडण एखाद्या जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, धर्माच्या नावाखाली चाललेल्या मक्तेदारीशी आहे.

गाढवं, प्रबोधन आणि पुन्हा गाढव

१६ ऑक्टोबर १९२१. सरकारी नोकरीत असतानाच त्यांनी ‘प्रबोधन’ हे पाक्षिक काढलं. पुढे नोकरी सोडली, पण हे नाव असं चिकटलं की केशव सीताराम मागे पडलं आणि प्रबोधनकार उरलं.

‘प्रबोधन’ची भाषा त्या काळच्या जड, संस्कृतप्रचुर लेखांसारखी नव्हती. ती चावडीवरची होती. म्हणी, टोपणनावं, उपहास, मध्येच एखादा सणसणीत शब्द. एका लेखाचं नुसतं शीर्षक सांगतो, ‘अंबाबाईचा नायटा’. कोल्हापूरच्या मंदिरात मराठा तरुणांनी स्वतः देवीची पूजा केली म्हणून त्यांना शिक्षा झाली, त्यावरचा हा लेख. शाहू महाराज प्रबोधनकारांचे स्नेही आणि आश्रयदाते, पण कारभार त्यांच्या संस्थानाचा होता म्हणून हा माणूस गप्प बसला नाही. आपल्या माणसालाही चिमटा काढायचा, हे त्यांनी पाळलं.

देवळांवरच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखनातही तीच पद्धत दिसते. देव सगळीकडे आहे असं तुम्हीच सांगता, मग त्याला कुलपात ठेवून किल्ली ठरावीक लोकांकडे का? देवळांचं उत्पन्न जातं कुठे? प्रश्न साधे, उत्तर देणारा अडचणीत.

पण केवळ लिहून ते थांबले नाहीत. हुंड्याविरुद्ध त्यांनी १९१९ मध्ये ‘कुमारिकांचे शाप’ हे पुस्तक लिहिलं आणि दादरमधल्या तरुणांना हाताशी धरून मोहीमच काढली. हुंडा घेऊन लग्न करणाऱ्या नवरदेवाची वरात निघाली की ही मंडळी गाढवाची वरात काढायची. भाषण नाही, उपदेश नाही. नवरदेवाला विकत घेतलंय हे गाढव पाहूनच लोकांना कळायचं. ज्या घराला दहा व्याख्यानांनी फरक पडला नसता, त्या घराला एका गाढवाने घाम फोडला.

या हसण्याची किंमतही त्यांनी मोजली. ‘प्रबोधन’ मुंबईहून साताऱ्याकडे गेलं, तिथून पुण्याला. पुण्यात त्यांचा विरोध एवढा पेटला की एकदा कुणीतरी त्यांच्या दारात मेलेलं गाढव आणून टाकलं. ज्याने गाढवाची वरात काढली त्याच्या दारात मेलेलं गाढव. पैशाची चणचण, आजारपण, छापखान्याची देणी, हे सगळं सोबत होतंच. प्रबोधनकार दादरला परतले. ‘प्रबोधन’ १९३० च्या आसपास बंद पडलं.

गणपतीला फूल कुणी वाहायचं?

१९२६ चा दादरचा सार्वजनिक गणेशोत्सव. प्रबोधनकार आणि त्यांच्या सोबतच्या तरुणांनी विचारलं की सार्वजनिक म्हणून वर्गणी सगळ्यांकडून घेता, अस्पृश्य समाजाकडूनही घेता, मग त्यांना गणपतीची पूजा का करता येत नाही? पैसा बाटत नाही आणि हात बाटतो, हा कसला हिशोब?

पुन्हा सावलीचाच डाव. फक्त आता अंगण दादरचं होतं.

वातावरण तापलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर सी. के. बोले हेही यात होते. अखेर तोडगा निघाला. दलित कार्यकर्त्याने फुलं पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती गणपतीला वाहायची. आज हा तोडगा अर्धवट वाटेल, पण त्या दिवशी तेवढ्यासाठीही लढावं लागलं. पुढे त्या मंडळाचा गणेशोत्सवच बंद पडला. तेव्हा प्रबोधनकारांनी सगळ्यांसाठी खुला असा सार्वजनिक नवरात्रोत्सव दादरमध्ये सुरू केला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धर्मातल्या गोष्टींना हसणारा माणूस म्हणजे धर्म सोडलेला माणूस, असं आपण पटकन धरतो. प्रबोधनकार तसे नव्हते. गजाननराव वैद्यांच्या हिंदू मिशनरी सोसायटीचं काम त्यांनी केलं होतं. नवरात्र त्यांनीच सुरू केलं. इंगरसॉल देवाबद्दल आपल्याला काही माहीत नाही म्हणून थांबायचा, प्रबोधनकार तिथवर गेले नाहीत. घर पाडायचं नव्हतं, घरातली जळमटं काढायची होती, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली ती यामुळेच. सनातन्यांना ते धर्मबुडवे वाटले आणि नास्तिकांना अर्धवट.

हसणं आणि हिणवणं

आता एक अवघड मुद्दा. प्रबोधनकारांचं सगळंच लिखाण आज जसंच्या तसं पचतं का? नाही.

त्यांनी भिक्षुकशाही हा शब्द काळजीपूर्वक निवडला खरा, पण लिहिण्याच्या भरात व्यवस्था आणि माणूस यांतली रेघ प्रत्येक वेळी पाळली गेली असं म्हणता येत नाही. काही ठिकाणी उपहास संपतो आणि सरळ शिव्या सुरू होतात. १९२० च्या दशकात महाराष्ट्रातला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद विखारी होता, दोन्ही बाजू तशाच लिहीत होत्या, हे खरं. पण त्यामुळे आपल्याला फरक दिसायचा थांबत नाही.

बयची गोष्ट पुन्हा आठवा. तिने शेजाऱ्याला शिवी दिली असती तर शेजारी चिडला असता आणि सावलीचा नियम शाबूत राहिला असता. तिने हसं केलं ते नियमाचं. शेजाऱ्याला तिने काही केलं नाही, उलट त्याच्या सावलीला मान दिला. त्याच्याकडे उत्तर उरलं नाही ते म्हणून. इंगरसॉल नावेतलं शेण मोजतो तेव्हा समोर बसलेल्या भाविकाला मूर्ख म्हणत नाही, त्याला मोजायला सोबत घेतो. प्रबोधनकारांची जी पानं आजही ताजी वाटतात ती याच जातीची आहेत. जिथे ते माणसावर घसरले ती पानं शिळी झाली.

१९३३ मध्ये त्यांनी एकनाथांच्या जीवनावर ‘खरा ब्राह्मण’ हे नाटक लिहिलं. अस्पृश्याच्या पोराला उचलून घेणारे एकनाथ हेच खरे ब्राह्मण, असा नावातला अर्थ. नाटकाला कडाडून विरोध झाला. पण बघा, इथे त्यांनी ब्राह्मण हा शब्द शिवीसारखा वापरला नाही. तो जन्मावरून काढून वागण्यावर नेऊन ठेवला. लहानपणी आजीने त्यांना सावलीने ब्राह्मण केलं होतं. मोठेपणी त्यांनी विचारलं की मुळात ब्राह्मण होतो कशाने.

गाडगेबाबा, मार्मिक आणि शेवट

पुढे त्यांनी एका अशा माणसाचं चरित्र लिहिलं ज्याने पुस्तक न वाचता हेच काम कीर्तनात केलं होतं. संत गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि समोर हजारो माणसं. बाबा व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारत. लोकच उत्तर देत आणि आपल्याच उत्तरावर हसत सुटत. प्रबोधनकारांना या माणसाचं चरित्र लिहावंसं वाटलं यात नवल नाही. डार्विन, फुले, इंगरसॉल यांची नावंही न ऐकलेल्या माणसापर्यंत पोचायची वाट गाडगेबाबांना सापडली होती.

सत्तरी ओलांडली तरी प्रबोधनकार संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उतरले. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळासाहेब आणि श्रीकांत या त्यांच्या मुलांनी व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. त्याला ‘मार्मिक’ हे नाव दिलं वडिलांनीच. मर्मावर नेमकं बोट ठेवणारं ते मार्मिक. त्या साप्ताहिकाचं आणि त्यातून निघालेल्या राजकारणाचं पुढे काय झालं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यावर मतंही वेगळी असणार. पण हसवत बोलायची परंपरा त्या घरात कुठून आली हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि हो, आडनावाची एक गंमत. घराण्याला पनवेलमुळे पनवेलकरही म्हणत. ठाकरे हे आडनाव इंग्रजीत लिहायची जी पद्धत रूढ झाली, ती विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराच्या नावावरून घेतली असं सांगितलं जातं. हा थॅकरे कलकत्त्यात जन्मलेला आणि बड्या लोकांची खिल्ली उडवण्यासाठी प्रसिद्ध. स्पेलिंगसुद्धा योग्य माणसाचं मिळालं म्हणायचं.

२० नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईत प्रबोधनकारांचं निधन झालं. वय ८८. ‘माझी जीवनगाथा’ हे त्यांचं आत्मचरित्र आजही मिळतं आणि त्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं आहे.

आज विज्ञानाने पुष्कळ गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. सगळी माणसं एकाच प्रजातीची, आपल्या सगळ्यांचे पूर्वज आफ्रिकेतून निघालेले, आणि जात दाखवणारी खूण कुणाच्याही रक्तात नाही. तरीही तुमच्या फॅमिली ग्रुपवर अमुक कुळ थेट तमुक देवापासून आल्याचा मेसेज येतोच. कुणी कुठून जन्मलं म्हणून कुणी श्रेष्ठ, हे अजून संपलेलं नाही.

असा मेसेज आला की आपण एक तर गप्प बसतो, नाहीतर चिडून दोन पानांचं उत्तर टाइप करतो. पुढच्या वेळी पनवेलच्या बयची पद्धत वापरून बघा. खरं आहे म्हणायचं, आणि पुढचा एकच साधा प्रश्न विचारायचा. बाकीचं काम समोरचा स्वतःच करतो.